मामू, तुमचा स्टॉपर बोलतोय

हसनमामू, तुम्ही गेलात त्याला आज नऊ दिवस झाले. माझी गाडी फार शांत झालीय. सहा वर्षं दर शुक्रवारी दुपारी तुम्हाला खोलीवरून घ्यायचं, मैदानावर न्यायचं, मगरिबच्या नमाजानंतर परत सोडायचं. जाताना तुम्ही आज कोण कसा खेळणार ते सांगायचात आणि येताना कोण कसा खेळला नाही ते. मध्येच सिग्नल लागला की बोलणं थांबवून मान माझ्याकडे वळवायचात.

"बाजूला झालास ना रे?"

"पाय घसरला, मामू."

"वाळूत पाय घसरत नाही, मेल्या. वाळूत पाय रुततो."

मग सिग्नल हिरवा व्हायचा आणि आपण पुढे जायचो. जेद्दातले सिग्नल किती लांब असतात ते तुम्हाला माहीत आहे. सहा वर्षांत हा संवाद किती वेळा झाला ते अल्लाला ठाऊक. तुम्हाला माझ्याकडून एकच वाक्य हवं होतं. टीमच्या समितीसमोर नको, जमातीतल्या आपल्या गाववाल्यांसमोर नको, फक्त गाडीत, काचा वर करून. तेवढंही मी दिलं नाही. आता ते द्यायला बसलोय, पण तुमचा भाचा आहे, एकदम मुद्द्यावर येणं आपल्या घरात कुणाला जमलंय? थोडं फिरून येतो. मध्ये बोलू नका.

लोक म्हणतात, हसनमामू हौशी माणूस होता. हे ऐकून तुम्हाला किती राग आला असता. हौस नव्हती ती, तुमच्या लेखी ती नोकरी होती. एसी दुरुस्तीचं वर्कशॉप हा तुमचा साइड बिझनेस. तुमच्या कारकिर्दीची सुरुवात खमीस मुशैतला झाली. स्पेअर पार्टच्या दुकानात तुम्ही काउंटरला होता आणि आसपासच्या दुकानांतली पोरं जमवून टीम काढलीत. डोंगरावरचं गाव, हवा विरळ. आपल्या खाडीकाठच्या पोरांना जिना चढला तरी धाप लागायची, आणि तुम्ही त्यांना पहाटे फजरच्या नमाजानंतर टेकडीवर पळवलंत. तिसऱ्या आठवड्यात दोघांनी पाठ दुखते म्हणून सांगितलं, चौथ्या आठवड्यात सगळ्यांनीच सांगितलं. तुमच्या भाषेत, "खमीसवाल्यांनी मला काढलं." मामू, खमीसवाल्यांनी तुम्हाला काढलं नव्हतं. ते तुम्हाला बघून रस्ता बदलायचे.

मग रास अल खैर. समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्लांटवर तुम्ही पाइप फिटर झालात आणि तिथे तुम्हाला तो गोरा फोरमन भेटला, केन. केनने तुमचं आयुष्य फिरवलं. तो इंग्लंडातल्या कुठल्याशा छोट्या गावाच्या क्लबचा मॅनेजर होता. टीव्हीवर दिसतात ते क्लब नव्हेत. त्यांच्याही खाली, आणि त्याच्याही खाली, जिथे मॅच बघायला खेळाडूंच्या बायका आणि एक कुत्रा येतो. मॅनेजर म्हणजे काय हे तुम्हाला त्याने सांगितलं. मॅनेजर जाळी लावतो, चुन्याची रेघ मारतो, जर्सी धुतो, झोपलेल्या गोलकीपरला त्याच्या घरी जाऊन उठवतो आणि हरल्यावर शिव्याही तोच खातो. केनला सात क्लबांनी काढलं होतं. एकदा तर चहावाल्या बाईकडून निरोप आला, की उद्यापासून येऊ नका. हे सगळं तुम्ही इतक्या आदराने सांगायचात, की मला वाटायचं सात ठिकाणांहून काढलं जाणं ही काही पदवी असावी.

निघताना केनने तुम्हाला त्याचा लांब काळा कोट दिला. "कोट नसलेल्या मॅनेजरचं कुणी ऐकत नाही," असं तो म्हणाला म्हणे. त्याच्या गावी थंडी होती हो मामू. तुम्ही जेद्दाच्या दमट उन्हाळ्यात तो कोट घालून टचलाइनवर उभे राहायचात, आणि हाफ टाइमला खेळाडूंच्या आधी तुम्हाला पाणी पाजावं लागायचं. एकदा इजिप्शियन रेफरी खेळ थांबवून तुमच्याजवळ आला आणि विचारलं, "तबियत ठीक आहे ना?" तुम्ही म्हणालात, "ऑफसाइड दे आधी."

जेद्दाला आल्यावर आपल्या जमातीची टीम तुमच्या हाती आली आणि मला तुम्ही बचावाच्या मधोमध स्टॉपर केलंत. हॉस्पिटलात एक्स-रे काढतो म्हणून मला हाडांची माहिती आहे, एवढ्या आधारावर. तुमची डावपेचांची शिकवणी सतरंजीवर व्हायची, बिर्याणीच्या ताटाभोवती. लिंबाची फोड म्हणजे गोलकीपर, कांद्याच्या चकत्या म्हणजे डिफेन्स, मी सगळ्यात जाड चकती. काकड्या पुढे. तुम्ही रंगात येऊन सांगत असायचात आणि मागून कुणाचा तरी हात येऊन लेफ्ट विंगर खाऊन टाकायचा. तुम्ही रागावायचात, मग त्याच्या जागी खजूर ठेवायचात, आणि तोही कुणीतरी खायचं. आपण सगळ्या सीझनभर डाव्या बाजूने का मार खायचो, याचं मला वाटतं हेच कारण होतं.

पण जिंकायचोही. हे मान्य करायला हवं, आणि तुम्ही असताना मी कधी केलं नाही. कुणाचा मालक-कफील सुट्टी देत नाही, कुणाचा इकाम्याचा परवाना अडकलाय, कुणाची ड्यूटी बदललीय, यातून तुम्ही दर शुक्रवारी अकरा माणसं उभी करायचात. एकाच्या सुपरवायझरकडे तर तुम्ही आगळाची बाटली घेऊन गेलात. त्या सुदानी माणसाला कोकमाचं ते आंबट लाल पाणी इतकं आवडलं, की त्याने पोराला तर सोडलंच, स्वतःही मॅच बघायला आला. असं करत करत तुम्ही आम्हाला फायनलला नेलंत. जमातीची टीम तोवर कधी फायनलला गेली नव्हती.

आता ती फायनल. येतोय, येतोय.

समोर खाडीपलीकडच्या गावाची टीम. त्यांचा कॅप्टन आणि सेंटर फॉरवर्ड कासमभाई, वय वर्षं एकावन्न, पोट पुढे, पण डावा पाय अजून शाबूत. आणि हे कासमभाई म्हणजे तीन महिन्यांपूर्वी झालेले माझे सासरे. हे लग्न कुणी जमवलं? तुम्ही. त्यांच्या नसीमचा फोटो मला कुणी दाखवला? तुम्ही, तेही प्रॅक्टिसच्या मधल्या वेळात. आणि फायनलला त्यांच्यावर मार्किंगला कुणाला लावलं? मला.

मी म्हटलं, "मामू, सासरे आहेत."

"मैदानात सासरा-बिसरा कुणी नाही. तो नऊ नंबर आहे."

"त्यांना पाय कसा लावू?"

"बुटाने लाव."

आपल्याकडे सासऱ्यासमोर जावई पाय पसरून बसत नाही, मामू. मी त्यांच्यासमोर मोठ्याने शिंकलोही नव्हतो तोवर. मॅच सुरू व्हायच्या आधी मी जाऊन दोन्ही हातांनी सलाम केला, तब्येत विचारली, सासूबाईंची विचारली, तेव्हा टचलाइनवरून तुमचा आवाज आला, "मॅच आहे की मंगनी?" सगळं मैदान हसलं. सासरेही हसले. मी मात्र तेव्हाच अर्धा झालो होतो.

एक-एक बरोबरी. मगरिबची अजान झाली की जो स्कोअर असेल तो फायनल, आणि बरोबरी असली तर पेनल्टी, हा आपल्या लीगचा नियम. सूर्य खाली गेलेला, मशिदीतला मुअज्जिन माइकवर घसा खाकरतोय ते ऐकू येत होतं. आणि तेवढ्यात बॉल सासऱ्यांकडे आला. समोर फक्त मी. मागे गोलकीपर. ते धावत आले, म्हणजे त्यांच्या मानाने धावत. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. घाम, दम, आणि लहान मुलासारखे चमकणारे डोळे. पुढे काय झालं त्यावर आपण सहा वर्षं भांडलो. बॉल जाळ्यात गेला आणि अजान झाली.

त्यांच्या टीमने सासऱ्यांना खांद्यावर घेतलं. दोघांना पाठीचा पट्टा बांधावा लागला नंतर, एक्स-रे मीच काढले.

आपली समिती बसली. कुणी म्हणालं स्टॉपरला विचारा. तेव्हा तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, "चूक माझी. मी डिफेन्सची लाइन वर ठेवली होती. पोराकडे मागे फिरायला वेळच नव्हता." मामू, लाइन वर नव्हती. मी तिथे होतो. लाइन जिथे असायला हवी तिथेच होती.

त्यांनी तुम्हाला काढायचं ठरवलं. पण आपल्यात वडीलधाऱ्याच्या तोंडावर असं कोण सांगणार? तीन शुक्रवार कुणीच सांगितलं नाही. तुम्ही समितीच्या बैठकीला यायचात, स्वतः सगळ्यांना चहा ओतायचात आणि पुढच्या सीझनच्या जर्सीचे रंग काढायचात, आणि ते सगळे चहात बघत बसायचे. शेवटी अध्यक्ष सत्तारभाईंनी मला बाजूला घेतलं. "तू त्यांचा भाचा. तू सांग. सल्लागार केलंय म्हणावं."

म्हणजे ज्याच्यामुळे तुमची खुर्ची गेली, त्यालाच ती काढून आणायला पाठवलं. मी तुमच्या खोलीवर आलो. तुम्ही जर्सी धूत होता. मी सांगितलं. तुम्ही नळ बंद केलात, हात पुसलेत आणि म्हणालात, "केनला चहावालीने सांगितलं होतं. मला निदान घरच्या माणसाने सांगितलं." मग थोड्या वेळाने, "बाजूला झालास ना रे?" हे पहिल्यांदा तेव्हा विचारलंत. मी म्हटलं, पाय घसरला. खरं सांगायला ती दुपार बरी होती, एवढी जवळची वेळ पुन्हा आली नाही. पण नसीमचा व्हिसा यायचा होता, सासरे त्यासाठी रोज दोन-दोन ऑफिसांत खेटे घालत होते, आणि मला भीती वाटली. एकदा खोटं बोललो आणि मग ते सांभाळत बसलो.

त्यानंतर तुम्ही सहा वर्षं सल्लागार होतात. म्हणजे घडीची खुर्ची घेऊन रेषेच्या बाहेर बसायचात आणि दोन्ही टीमना सल्ला द्यायचात. नवीन मॅनेजर तुम्हाला घाबरून उलट्या बाजूला उभा राहायचा.

सासऱ्यांनी तो गोल सहा वर्षं वाजवला. प्रत्येक लग्नात, प्रत्येक दावतीत. दर वर्षी त्यात एक खेळाडू वाढायचा. सुरुवातीला मला एकट्याला चकवलं होतं, आता चौघांना चकवतात. माझी मुलगी त्यांच्या मांडीवर बसून ऐकते. पाच वर्षांची आहे, सगळं पाठ आहे तिला. "नाना, नाऊ यू टर्न लेफ्ट," असं मध्येच सांगते. अशा वेळी मी उठून पाणी आणायला जातो.

आणि मग तुमचं हृदय. बुधवारी संध्याकाळी मी ड्यूटी संपवून तुमच्या वॉर्डात आलो. ऑक्सिजनचा मास्क होता. तुम्ही मला खुणेने जवळ बोलावलंत, मास्क वर केलात, नर्स ओरडली, आणि तुम्ही म्हणालात, "झालास ना बाजूला?"

मामू, तेव्हा मी म्हटलं, "घसरला." का म्हटलं सांगू? सासऱ्यांची भीती नव्हती तेव्हा, समितीची तर नाहीच. मला वाटलं, हे भांडण मिटलं तर तुम्ही जाल. भांडण चालू आहे तोवर पुढच्या शुक्रवारी तुम्ही गाडीत बसणारच. तुम्ही डोळे मिटून हसलात आणि मास्क खाली घेतलात. गुरुवारी सकाळी फोन आला.

गावी मामींना व्हिडिओ कॉल केला. त्या रडल्या, मी रडलो. मग त्यांनी विचारलं, "शेवटचं काय बोलले?"

मी म्हटलं, "तुमची आठवण काढली, मामी."

त्यांनी पदराने नाक पुसलं. "खोटं बोलू नकोस. फुटबॉलचं काहीतरी असणार."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. दुपारी असरच्या नमाजानंतर सगळे सत्तारभाईंच्या घरी दुआसाठी जमलो. दोन्ही गावांचे लोक, सासरेही. दुआ झाली, आणि मग सत्तारभाई बोलायला उभे राहिले. तुमचं चांगलंच बोलले. माणूस किती दिलदार, किती मेहनती. आणि शेवटी, सवयीने, वाईट हेतू काही नव्हता, म्हणाले, "एक ती फायनल तेवढी त्यांच्या चुकीने गेली. पण असो, अल्ला माफ करणारा आहे."

मला बसवेना. पुढे सासरे बसलेले, हातात तसबीहची माळ. मला माहीत होतं, मी तोंड उघडलं तर या माणसाच्या आयुष्यातला एकुलता एक मोठा गोल जाणार. आणि नाही उघडलं तर तुमच्या नावाला ती चूक कायमची चिकटणार, कारण आता ती पुसायला तुम्ही येणार नव्हता. मी उभा राहिलो आणि फायनलची ती शेवटची मिनिटं जशी झाली तशी सांगितली. लाइन कुठे होती, मी कुठे होतो, मी काय केलं. मध्येच सत्तारभाईंनी माझं कोपर धरलं.

सासरे उठले, दारात सँडल शोधली, एक त्यांची आणि एक दुसऱ्याच कुणाची घातली आणि न जेवता गेले. आपल्या माणसांत मयताच्या घरून न जेवता जाणं एक वेळ चालतं, पण सत्तारभाईंच्या घरची बिर्याणी सोडून कुणी गेलेलं मी पाहिलं नव्हतं.

घरी नसीमने दार उघडलं आणि आत निघून गेली. मुलीने विचारलं, "पापा, सो नाना डिडन्ट स्कोअर?" मी म्हटलं, केला बेटा, गोल केला. "देन व्हाय इज ही क्राइंग ऑन द फोन?" आठवडाभर घरात फक्त कामापुरतं बोलणं. मी तुम्हाला मनात शिव्याही दिल्या, मामू, खोटं कशाला बोलू. तुम्ही गेलात आणि मला खरं बोलायला लावून गेलात.

काल तुमच्यासाठी दोन्ही टीमनी मॅच ठेवली. सासरे येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. ते आले. सत्तावन्न वर्षं, गुडघ्याला पट्टा, नऊ नंबरची जर्सी पोटावर ताणलेली. मी सलामासाठी हात पुढे केला, ते वळून निघून गेले. त्यांनी स्वतः रेफरीला सांगितलं, "याला माझ्यावरच ठेवा."

पहिल्या हाफमध्ये बॉल त्यांच्याकडे आलाच नाही. दुसऱ्यात आला. तसेच धावत आले, पूर्वीपेक्षा हळू. चेहऱ्यावर राग होता, आणि खरं सांगतो, रागाच्या खाली पुन्हा तेच चमकणारे डोळे. मला पुन्हा तीच लहर आली, एक पाऊल मागे घ्यावं. घेतलं नाही. मी खाली बसत पाय घातला, बॉल काढला, स्वच्छ, आणि माझे सासरे हवेत जाऊन वाळूत आडवे झाले. दोन्ही गावांनी एकदम श्वास रोखला. कुणीतरी नसीमला फोन लावायला घेतला होता.

मी धावत गेलो. ते पाठीवर पडून आभाळाकडे बघत होते. दाढीत वाळू. मी हात दिला, तो त्यांनी धरला, पण उठले नाहीत.

"फाऊल नव्हता," ते म्हणाले.

"नाही, अब्बा."

"त्या दिवशी असाच आला असतास तर बॉल गेला असता माझा?"

"माहीत नाही, अब्बा. खरंच माहीत नाही."

त्यांनी दाढीतली वाळू पुसली. मग माझ्या हाताला जोर देऊन उठले, जर्सी झटकली आणि म्हणाले, "हसनने मला कधी कळू दिलं नाही. सहा वर्षं माझ्या तोंडून गोल ऐकत बसायचा. वर म्हणायचा, भाई, डावा पाय बघण्यासारखा होता." त्यांनी माझा हात सोडला. "मला काय सांगतोस. जा, त्याला सांग."

म्हणून आज सकाळी कबरस्तानात आलो. पण तुमच्या कबरीवर नाव नाही, इथे कुणाच्याच नसतं, आणि मातीचे ते सारखे उंचवटे बघून मी गोंधळलो. तिसरी रांग एवढं लक्षात होतं. चौथी का पाचवी कबर, ते आठवेना. एका बाजूला कुणी यमनी असेल, दुसऱ्या बाजूला कुणी बंगाली. मग मी ठरवलं, रांगेच्या टोकाला उभं राहायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचं. दुआ मागितली. घसा साफ केला. लांब झाडू मारणारा माणूस थांबून बघायला लागला.

"मामू," मी म्हटलं, "मी बाजूला झालो होतो."

आणि उभा राहिलो, तुमच्या उलट उत्तराची वाट बघत.